भोंग्यावरचं नाव

सकाळी दहाच्या सुमारास डोंगरापलीकडच्या गावातून सला सुरू झाला, तेव्हा नेजात कप्तान पाण्याखाली होता. पाहुण्यांना समुद्रात फिरवणाऱ्या आमच्या लाकडी जहाजाचा, गुलेतचा, नांगर कपारीत अडकला होता आणि तो सोडवायला कप्तान तासभर बुड्या मारत होता. मी, जहाजावरचा उस्ता म्हणजे आचारी, खाली वांगी तळत होतो.

आमच्याकडे माणूस गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून आधी सला म्हणतात, मग कोण गेलं ते सांगतात. बाई असली तर आधी नवऱ्याचं नाव, मग मुलाचं, तिचं सगळ्यात शेवटी. मी गॅस बंद करून कान दिला.

"हमदी कोळ्याची बायको, नेजात कप्तानची आई, मुनिरे हानिम. दफन आज दुपारच्या नमाजानंतर."

हातातला झारा हातातच राहिला. कालच, खाडीत शिरण्याआधी, म्हातारीचा कप्तानला फोन आला होता, जाता जाता अर्धा तास तरी ये, तुझ्यासाठी द्राक्षाच्या पानांत भात भरून ठेवलाय. पण आमच्या आठ डच पाहुण्यांना कप्तानच्या गावाच्या धक्क्याला लागायचं नव्हतं, ही निर्जन खाडी हवी होती. "शुक्रवारी परतताना जाऊ की. आई कुठे पळून जातेय?" असं कप्तानला मीच म्हणालो होतो. जीभ झडायला हवी होती माझी.

कप्तान वर आला, शिडी धरून धापा टाकत म्हणाला, "उस्ता, सला होता ना? कोण गेलं?"

"वाऱ्यात नाव ऐकू नाही आलं, आबी."

ज्याला मी आबी, म्हणजे थोरला भाऊ म्हणतो, त्याच्याशी खोटं बोललो. सांगून तरी काय होणार होतं? फोनला रेंज नाही, किनाऱ्याला सरळ कडा. मोटरची छोटी होडी तेवढी गावाला नेऊ शकली असती, ती दोन पाहुणे नाश्ता होताच गुहा बघायला घेऊन गेलेले. नांगर सुटला तरी त्यांना मागे टाकून गुलेत हलवणंही शक्य नव्हतं. होडी दिसली की सांगायचं, असं ठरवून मी दर दोन मिनिटांनी बाहेर डोकावत होतो. अकरा वाजले, बारा वाजले. होडीचा पत्ता नाही.

तेवढ्यात मराइके नावाची पाहुणी हातात फोन घेऊन आली. सकाळभर ती जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, बसून होती.

"कप्तान, सकाळी काय सुरेल गात होता तो! मी रेकॉर्ड केलंय. आणि यात तुमचं नावसुद्धा आहे! प्रेमाचं गाणं आहे का?"

मी मधे पडायच्या आत तिने ते लावलं. नेजात कप्तान हे शब्द आले तशी तिने टाळी वाजवली.

कप्तान नांगरासाठी आणखी एक बुडी मारून नुकताच वर आला होता, अंगावरून पाणी निथळत होतं. "पुन्हा लाव," तो म्हणाला. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळला.

"तुला ठाऊक होतं."

"होडी आली की सांगणार होतो, आबी."

"दहाला सांगितलं असतंस तर पोहून गेलो असतो."

"ह्या वाऱ्यात? टोकाला वळसा घालून? मेला असतास."

"ते माझं मी बघितलं असतं."

मराइके आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हणतोय तो गाण्यात?"

"प्रार्थना आहे," कप्तान तिला म्हणाला. पाहुण्यांची सुट्टी नासवायची नाही, ही आमची वीस वर्षांची सवय.

एक वाजून गेल्यावर अजान झाली. मराइकेने पुन्हा फोन उंच धरला. मग बराच वेळ पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. आता तिथे दफनाआधीच्या रिवाजाप्रमाणे इमाम विचारत असेल, कशी होती ही बाई, आणि जमलेले सगळे म्हणत असतील, चांगली होती. कप्तान डोंगराकडे तोंड करून उभा होता.

"चांगली होती," तो म्हणाला.

मलाही म्हणायचं होतं. मी खाली जाऊन गॅस पुन्हा पेटवला.

होडी अडीचला आली. दोघं भिजलेले आणि भलतेच खूश.

"आम्हाला उशीर नाही ना झाला?"

कप्तानने त्यांनी फेकलेली दोरी झेलली आणि खुंटीला बांधली.

"नाही," तो म्हणाला. "जेवण अजून गरम आहे."