हाताचा अंदाज

दगड उचलताना धाकटीनं मनगट आधीच ताठ केलं होतं, म्हणून तिचा हात खाली गेला नाही. दुसऱ्या कुणी तो उचलला असता तर गेला असता. दगड अंड्याएवढा, काळपट तांबूस, एका बाजूनं चपटा. तो मुठीत झाकून ती गोल मांडलेल्या खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली.

टोपली दाराशी स्टुलावर असे. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकानं सकाळी तिच्यातून एक दगड घ्यायचा, आज मनावर जेवढं ओझं असेल तेवढा. तो दिवसभर जवळ बाळगायचा आणि घरी जाताना परत टाकून जायचा. ही मॅडमची पद्धत. मॅडम म्हणजे इथल्या समुपदेशक. कसं वाटतंय असं विचारलं की माणसं सवयीनं ठीक म्हणून मोकळी होतात, दगड घेताना मात्र क्षणभर थांबतात, असं त्यांचं म्हणणं होतं. इथं राहायला कुणीच नव्हतं. सगळे आजारी होते, पण रात्री आपल्या घरी झोपावं इतके बरे होते. सकाळी यायचं, एकत्र बसून बोलायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी चार शब्द बोलायचे, दुपारी हाताला काहीतरी काम द्यायचं आणि उन्हं कलली की आपापल्या वाटेनं जायचं.

शेजारच्या खुर्चीत कंडक्टर येऊन बसला. त्याची बसमधली नोकरी सुटून बराच काळ झाला होता, पण कुणी आत आलं की ‘पुढे सरका, मध्ये जागा आहे’ म्हणायची सवय सुटली नव्हती. टोपलीतला सगळ्यांत मोठा दगड त्यानं मांडीवर घेतला होता.

“बघा तराजूबाई. आमच्याकडे रोजच लगेज.”

हे नाव त्यानंच तिला दिलं होतं. ती हसल्यासारखं करून खिडकीकडे पाहू लागली. कंडक्टरचा दगड टाच घासायच्या दगडासारखा आतून पोकळ, भोकाभोकांचा होता. दिसायला मोठा, पण तिच्या मुठीतल्या दगडाच्या निम्म्यानंही भरला नसता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कंडक्टर अलीकडे डबा संपवत होता, दाढी करून येत होता. तक्रार तेवढी जुन्याच आवाजात करत होता.

धाकटी वजनकाटे तपासून देणाऱ्या कारखान्यात होती. औषधांच्या दुकानांतले नाजूक काटे, धान्याच्या गोदामांतले अवजड काटे, सगळे तिच्या टेबलावरून जायचे. प्रमाण वजनं ठेवायची, काटा कुठं थांबतो ते पाहायचं, ठीक असेल तर शिक्का. इतक्या वर्षांत तिच्या हाताला अशी सवय झाली होती, की वजन पारड्यात ठेवण्याआधीच ते किती भरेल ते कळायचं. नवे लोक तिची परीक्षा घ्यायचे आणि हरायचे. मग गेल्या वर्षी कधीतरी सगळ्याच वस्तू सारख्या जड लागायला लागल्या. चमचा, दार, केस विंचरायला वर उचललेला स्वतःचा हात. तिनं रजा टाकली, ती वाढवली. एका दुपारी ताईला शेजाऱ्यांना बोलावून न्हाणीघराचं दार उघडून घ्यावं लागलं. त्या दाराला आता कडी नाही. गोळ्या ताईच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली ताईच्या पर्समध्ये.

सुरुवातीला धाकटी खरोखरच मोठे दगड घ्यायची. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून ताईचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. ताईच्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती लांब, दुसऱ्या शहरात. ताई दबक्या आवाजात तिची समजूत काढत होती, की मावशीला जरा उभी राहू दे, मग मी लगेच निघते. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण त्यानंतर ताई बराच वेळ धुतलेलीच भांडी पुन्हा धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला टोपलीच्या तळाशी तो काळा दगड सापडला. उचलता क्षणी तिच्या हातानं ओळखलं, की ह्यात लोखंड आहे. नदीतल्या साध्या दगडांमध्ये तो कुठून आला कोण जाणे. दिसायला एवढासा, पण मुठीएवढ्या दगडाच्या तोलाचा. तेव्हापासून ती तोच घेऊ लागली. वजनात खोटेपणा करणं तिला जमलं नसतं. आकार ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्यांनी पाहावा.

मॅडमनी तो पाहिला होता. सत्र संपल्यावर त्या तिच्याजवळ थांबल्या.

“दगड लहान झालाय तुमचा. लक्षात आलंय माझ्या.”

“हो.”

“झोप?”

धाकटी म्हणाली, लागते. भूक? लागते. कामावर जावंसं वाटतं का, यावर तिनं जरा थांबून ‘थोडं थोडं’ असं सांगितलं, कारण एकदम हो म्हटलेलं कुणाला पटत नाही. मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की डॉक्टरांशी बोलणं झालंय, उद्याचा दिवस शेवटचा धरू. पुढे महिन्यातून एकदा येऊन भेटून जायचं.

त्याच दुपारी शिक्षिकेचा निरोप झाला. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पुन्हा मुलांकडे वळलीच नाही, म्हणून ती इथं आली होती. निरोपाची इथली रीत ठरलेली होती. जाणाऱ्यानं आपला त्या दिवसाचा दगड शेजारच्याच्या हातात द्यायचा. तो एकेकाच्या हातातून फिरायचा, ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलायचं, आणि शेवटी घरून न्यायला आलेल्या माणसानं तो टोपलीत टाकायचा. शिक्षिकेचा दगड पांढरट, चिमुकला होता. तो हातोहात पुढे सरकत गेला. कुणी म्हणालं पोरांना गृहपाठ कमी द्या, कंडक्टर म्हणाला आमच्याकडे लक्ष असू द्या, आम्ही अजून नापासच. शिक्षिकेच्या नवऱ्यानं दगड चिमटीत धरून पाहिला आणि हसून टोपलीत टाकला.

धाकटीच्या हातात तो आला तेव्हा तिनं तळवा किंचित वरखाली केला. हलका होता, खरंच हलका. शिक्षिकेनं चोख माप दिलं होतं.

घरी ताईची बॅग पलंगावर उघडी होती. लेकीसाठी सैल कपडे, बाळासाठी मऊ पंचे, विणलेले मोजे. रविवारचं तिकीट काढलं होतं. ताई घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. फ्रीजमध्ये काय काय करून ठेवलंय, दूधवाल्याला काय सांगितलंय, वरच्या मजल्यावरच्या काकू रोज डोकावतील, सगळं तिनं सांगून झालं. मग बॅगेची चेन लावता लावता, मान वर न करता म्हणाली,

“किल्लीचं काय करू?”

“टेबलावर ठेव.”

“काकूंकडे देऊ का? म्हणजे तुला लागेल तेव्हा त्या...”

“ताई, मी काय लहान आहे का आता?”

ताईनं किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठली तेव्हा ती उचलून पुन्हा पर्समध्ये टाकली. “रविवारी जाताना देते,” म्हणाली. धाकटी टेबलाच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती. तिला राग आला नाही, बरंही वाटलं नाही. जेवताना ताईनं तिला आणखी भात वाढला आणि तिनं तो एकेक घास मोजूनमापून संपवला, कारण ताई पाहत होती.

शुक्रवारी सकाळी टोपलीपाशी कुणी नव्हतं. पांढरट दगड वरच पडला होता. धाकटीनं तो उजव्या हातात घेतला. आजचा दगड सगळ्यांच्या हातांतून फिरणार होता. शेवटी तो ताईच्या हातात जाणार होता, आणि मग रविवार, बॅग, स्टेशन, किल्ली. सगळं सुरळीत होतं. एवढासा पांढरा दगड दिवसभर जवळ बाळगायचा, बस्स.

ती खुर्चीकडे निघाली. अर्ध्या वाटेवरून परत आली. डाव्या हातानं तिनं टोपलीचा तळ चाचपला आणि काळा दगड वर काढला. एका तळव्यावर पांढरा, एका तळव्यावर काळा, अशी ती जराशी उभी राहिली. डावा खांदा किंचित उतरला होता. मागून कंडक्टरचा आवाज आला,

“तराजूबाई, पुढे सरका, मागे लाइन लागलीय.”

मागे तो एकटाच होता. धाकटीनं एक दगड टोपलीत टाकला आणि खुर्चीवर जाऊन बसली.

दिवस नेहमीसारखा गेला. डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या, तिनं मान हलवली. दुपारी सगळ्यांनी कागदाच्या पिशव्या केल्या. तिच्या पिशव्यांच्या कडा नेहमीप्रमाणे सरळ आल्या. ताई वेळेच्या आधीच येऊन दाराशी उभी होती. ठेवणीतली साडी नेसली होती, जणू कुणाचा निकाल होता. मॅडमनी तिला आपल्या शेजारी खुर्ची दिली.

मॅडम थोडक्यात बोलल्या. मग धाकटीनं मूठ पुढे केली. कंडक्टरनं हात पसरला.

डोळ्यांना जे लहान दिसतं त्यासाठी हात थोडाच जोर तयार ठेवतो. ते माणसाच्या हातात नसतं, डोळे आणि स्नायू परस्पर ठरवून टाकतात. काट्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना हे शिकावं लागतं, आणि मग मनगट ताठ धरायची सवय करावी लागते. कंडक्टरनं ती केलेली नव्हती.

“तराजूबाई, आता आमचं तिकीट कोण...”

त्याचा हात हिसका बसल्यासारखा खाली गेला. वाक्य तिथंच राहिलं. त्यानं दगडाकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीखाली ठेवलेल्या मोठ्या दगडाकडे. तो वाकला, डाव्या हातानं मोठा दगड उचलला, दोन्ही हात एकदा वरखाली केले आणि मोठा दगड हळूच खाली ठेवून दिला. धाकटी खिडकीच्या खिट्टीकडे पाहत होती. कंडक्टरनं काळा दगड दोन्ही हातांनी पुढच्या बाईकडे दिला.

“सांभाळून,” एवढंच म्हणाला.

तरी तिचाही हात खाली गेला. त्यापुढच्याचाही. कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत. दगड घ्यायचा, हात खाली जायचा, तो माणूस एकदा धाकटीकडे पाहायचा आणि मग पुढच्याकडे वळायचा. मॅडमच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो मुठीत घट्ट धरला, उघडला, पुन्हा धरला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण आधी दगड ताईकडे दिला.

ताईनं सुटे पैसे घ्यावेत तसा एक तळवा पुढे केला होता. हात पार गुडघ्याला टेकला.

तिनं दगड डोळ्यांजवळ आणला. अंगठ्यानं त्याची चपटी बाजू चोळून पाहिली. धाकटीनं घरी तिला ही टोपलीची पद्धत कितीदा तरी सांगितली होती. आपला दगड आता किती लहान झालाय, हे तर अलीकडे रोज सांगितलं होतं. बोटांनी मापही दाखवलं होतं.

“रोज हाच घेत होतीस?”

“हो.”

“आजसुद्धा?”

धाकटीनं मान हलवली. खोलीतले सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. ताई उठली. सगळ्यांना वाटलं, ती टोपलीकडे जाईल. ती मधली मोकळी जागा ओलांडून धाकटीसमोर आली आणि तिथूनच, मॅडमकडे न वळता, म्हणाली,

“सोमवारी नेहमीच्याच वेळेला आणू ना हिला?”

“आणा,” मॅडम म्हणाल्या.

कंडक्टरनं आपली खुर्ची उगाचच जराशी बाजूला सरकवली.

ताईनं दगड पुढे केला. धाकटीनं खाली हात धरला, पण ताईनं तो सोडला नाही. धाकटीनंही हात मागे घेतला नाही. दोघींच्या हातांत धरलेल्या वस्तूचं वजन सांगता येत नाही. धाकटीनं अंदाज करून पाहिला आणि मग करायचं सोडून दिलं.