डावा गाल

“अवं, या खेपेले तं हे खूळ राहू दे,” भगवानराव मोरीच्या दाराशी उभं राहून म्हणाले. “आयतवारी तुहा फोटो हाये. काही झालं म्हंजे?”

इंदुताईंनी नव्या ट्यूबमधला हिरवट फेसवॉश बोटावर घेतला, डाव्या गालाला आणि अर्ध्या कपाळाला चोळला, उजवी बाजू रोजच्यासारखी बेसनाने धुतली आणि तोंड पुसत बाहेर आल्या. नवऱ्याचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची कला त्यांना लग्नानंतर लवकरच साधली होती.

त्यांचं दिग्रसमधलं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि दारावर पडदा, एवढाच थाट. तरी लगीनसराईत आसपासच्या खेड्यांतल्या नवऱ्या त्यांच्याच हातून सजायला यायच्या, कारण ताईंची एक रीत होती. कुठलीही नवी वस्तू आली, की आधी हप्ताभर ती स्वतःच्या तोंडाच्या डाव्या बाजूला लावायची. उजवी बाजू साक्षीला ठेवायची. पटली तर गिऱ्हाइकाला, नाहीतर केरात. देवाने कातडीही अशी तेलकट दिली होती, की दुपारी नाकावर पापड तळून घ्यावा, असं भगवानराव म्हणायचे आणि बोलणी खायचे. त्यामुळे तेलकट चेहऱ्याची वस्तू पारखायला ताईंना दुसऱ्याचं तोंड शोधावं लागत नसे.

या खेपेची वस्तू मात्र मानपान घेऊन आली होती. कंपनीचा अनिमेष नावाचा तरुण साहेब यवतमाळहून येऊन गेला होता. तेलकट त्वचेसाठी नवा फेसवॉश निघालाय, दर तालुक्यातून एक नावाजलेली पार्लरवाली निवडतोय, बसस्टँडसमोर तिचा मोठा फोटो लागणार, असं तो म्हणाला. त्या दिवशी भगवानरावांची छाती जी फुगली ती खाली बसेना. ते जिनिंगमध्ये ग्रेडर होते. सारा जन्म कापसाच्या गाड्या तपासण्यात गेला, पण त्यांचं नाव कधी कुठे झळकलं नव्हतं. आता खुद्द बायको चौकात झळकणार होती. जिनिंगमध्ये सांगून झालं, शंकरसिंगच्या हॉटेलात चार जणांना चहा पाजून सांगून झालं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ना, तसला प्रकार.

शनिवारी लेक प्रेरणा घरी आली. ती यवतमाळला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. आईकडे बघून ती दारातच थांबली. उजवा गाल नेहमीसारखा चमकत होता. डावा लाल झाला होता आणि नाकपुडीच्या कडेला बारीक सालं सुटली होती.

“आग होते का गं?”

“धुतलं का चरचरते. मंग गाल असा तानते का हासता येत नाई. अन् दुपारी पाह्यलं तं तेल हायेच.” इंदुताईंनी ट्यूब पुढे केली. “हे बारीक अक्षर मले वाचता येत नाई. तू वाच, बाई. कोनती वस्तू कायले घातली, ते सांग.”

माय-लेकी खाटेवर बसल्या. यादीत ज्याचं नाव आधी, ते बहुतेक जास्त, हे प्रेरणाने आधी सांगितलं. पहिलं पाणी. त्यामागे भरपूर फेस आणणारा सल्फेट. तो तेल काढतो, पण कातडीला लागेल तेवढंही ठेवत नाही. मग अल्कोहोल, म्हणजे तोंड पटकन कोरडं वाटतं. मग गार वाटावं म्हणून मेंथॉल, मग सुगंध. रंध्रांत साचलेलं तेल खरोखर मोकळं करणारं सॅलिसिलिक अॅसिड सुगंधाच्याही मागे. कातडी मऊ ठेवणारं ग्लिसरीन शोधूनही सापडलं नाही. इंदुताई गालावर बोट ठेवून विचारत होत्या, चरचर कशाने होते, ताण कशाने बसतो. काहींचं उत्तर प्रेरणाला देता आलं, काहींचं नाही. किती टक्के काय ते छापलेलंच नाही, त्यामुळे छातीठोक बोलता येणार नाही, असं ती म्हणाली.

“कडूनिंब तं असन ना?” भगवानरावांना राहवलं नाही. “एवढा मोठा पाला छापला वरतं.”

“आहे ना बाबा. सगळ्यात शेवटी.”

जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली, की भगवानराव वरचा पांढराशुभ्र थर बघतच नसत. कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस ओढायचा, बोटांत चोळायचा आणि मगच प्रत सांगायची, गाडीवाला कितीही चिडो. आज त्यांच्याच घरात खाटेवर तेच चाललं होतं आणि त्यांना त्याचा भयंकर राग येत होता.

रविवारी अनिमेष फोटोवाल्याला घेऊन हजर झाला. पोरगा सालस होता. गाल बघून त्याला खरंच वाईट वाटलं. एखादीला नाही सोसत, ताई, असं तो म्हणाला आणि ते काही खोटं नव्हतं. मेकअपने झाकू, नाहीतर उजवीकडून फोटो घेऊ, असे दोन मार्गही त्याने सुचवले. इंदुताईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, कोणाला सोसतं अन् कोणाला नाही, हे त्या फोटोखाली लिहाल का? ते माझ्या हातात नाही, तो म्हणाला.

“मंग राहू द्या, भाऊ,” इंदुताई म्हणाल्या. “नवरी खुर्चीत बसली का आरशात नाई पाहत, माह्या तोंडाकडं पाहते. मी लाव म्हटलं का लावते ते. तिले मी काय सांगू?”

अनिमेषने आणखी एकदा विचारून पाहिलं, मग नमस्कार करून तो गेला. दिग्रसमध्ये पार्लरं पुष्कळ होती.

तो गेला आणि भगवानरावांचा बांध फुटला. साऱ्या गावाला सांगून बसलो, आता हसं होईल, तुला माझी काही किंमतच नाही, असं बरंच काही ते बोलले.

“आता मी लोकायले कोनतं तोंड दाखवू?”

“तुमचं तं धड हाये,” इंदुताई म्हणाल्या आणि कपबशा विसळायला गेल्या.

ऊन कलल्यावर प्रेरणाला यवतमाळच्या गाडीत बसवायला दोघं निघाले. फाल्गुनातली धूळ उडत होती. रस्त्यावरच्या बायापोरींनी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळले होते. भगवानरावांनी खुंटीवरचा स्कार्फ आणून बायकोच्या हातात दिला. तो गालाला घासतो म्हणून इंदुताईंनी परत खुंटीला अडकवला. मग भगवानराव वाटभर त्यांच्या डाव्या बाजूने चालले, अगदी खेटून, पडद्यासारखे. पानठेल्यावरून कोणी हाक मारली, तर मान हलवून पुढे सरकले.

गाडी सुटली. परतताना शंकरसिंग हॉटेलातून बाहेर आला.

“काय भगवानराव, फोटो निघाला का नाई? अन् वहिनीच्या गालाले काय झालं जी?”

बाकावरच्या चार-पाच जणांनी माना वर केल्या. ऊन लागलं, असं उत्तर भगवानरावांच्या ओठांवर तयार होतं. त्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी पदर ओढला नाही की मान खाली घातली नाही. काय सांगायचं ते त्यांनी नवऱ्यावर सोडलं होतं. त्या लाल गालावर जुने बारीक डागही होते. लग्नात तर ते नव्हते. कुठल्या कुठल्या नवऱ्या मुलींच्या वाट्याचे ते या गालाने घेतले असतील, हा विचार भगवानरावांच्या मनात आजवर आलाच नव्हता. त्यांना एकदम बायकोचा अभिमान वाटला.

“फोटो नाई काढू देल्ला तिनं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “कंपनीचा माल आपल्या गालावर लावून पाह्यला, नाई पटला. गावच्या पोरीयच्या तोंडाले लावाच्या आधी स्वतःच्या लावते ते. दरसाल लावते. मी जनमभर कापूस पारखला, पन माह्या हाताले कधी ओरखडा नाई आला.”

कोणी हसलं नाही. शंकरसिंगने खांद्यावरच्या फडक्याने बाक पुसला आणि वहिनींना बसायला सांगितलं. उशीर होतो म्हणून त्या बसल्या नाहीत.

घराकडे निघताना भगवानराव दोन पावलं मागे राहिले आणि वळसा घालून बायकोच्या उजव्या बाजूला गेले. मग दोघं भर बाजारातून सावकाश चालत राहिले.