थंडीने मी मेले नाही

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, अशा आत्मवृत्तात वाचणाऱ्यांना मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. बाकी आपली मैत्री कधी जमली होती, हे मला आठवत नाही. बुरशी म्हटले की तुम्हाला शिळा पाव दिसतो आणि तुम्ही नाक मुरडता. त्या गुबगुबीत हिरव्या बयेशी माझे नाते असलेच तर फार लांबचे आहे. ती दोन दिवसांत फुगते आणि आठवडाभरात कचऱ्यात जाते. मी मातीतली आहे, पृथ्वीच्या अगदी टोकाकडच्या, वर्षातला बहुतेक काळ गोठलेल्या मातीतली. माझे वय विचारू नका, मलाही ते माहीत नाही.

माझे घर एका दगडाखाली होते. तिथे झाड नाही की गवत नाही. उन्हाळा म्हणून जे काही यायचे, त्यातही माती दुपारी वितळायची आणि ऊन कलले की पुन्हा कडक व्हायची. तुमची तर तिथे पहिल्याच दिवशी दातखीळ बसली असती. मी मात्र राहायला शिकले. पेशीतले पाणी गोठले की त्याचे टोकदार कण आतूनच फाडतात. म्हणून मी अंगात एक खास साखर आणि दाट पाक साठवते, त्यामुळे पाणी सहजासहजी गोठत नाही. थंडीत लोणी दगडासारखे होते, पण तेल वाहते राहते, हे तुम्ही घरात पाहिले असेल. माझ्या पेशींची आवरणे अशाच पातळ, न थिजणाऱ्या चरबीची आहेत. तिथले ऊन गार असले तरी अंग जाळते, म्हणून मी काळी झाले. खायला मेलेले शेवाळ आणि एखादे पडलेले पीस, तेही वाऱ्याने आणून टाकले तर. एवढ्यावर वर्षाला मी नखाच्या कोरेइतकी वाढायचे, आणि ते मला पुरत होते.

मग माणसे आली. त्यांनी लाकडी खोकी उघड्यावर टाकली आणि ती निघून गेली. मी ती खाल्ली. समोर आलेले अन्न टाकायची आमच्यात पद्धत नाही. पुष्कळ वर्षांनी ती परतली तेव्हा खोक्यांचा भुगा झाला होता. "या बुरशीनं पार वाट लावली," असे म्हणत एकाने मला बुटाने घासून काढले. पसारा तुम्ही टाकायचा आणि वाट मी लावली म्हणायचे! तेव्हापासून बुटांचा आवाज आला की माझे पित्त खवळते.

सगळ्यात शेवटी ताई आली. ती मातीतल्या बुरशीचा अभ्यास करणारी होती. ती गुडघ्यांवर बसली, चमच्याने माझ्यासकट थोडी माती डबीत घेतली आणि दगड होता तसा परत ठेवला. तिचे एवढे एकच मला बरे वाटले. ती आणखी काही आठवडे तिथेच राहणार होती. डबी मात्र तिने बर्फाच्या पेटीत घालून आधीच पाठवून दिली.

मी पोचले ती एका प्रयोगशाळेत. पांढऱ्या फरश्या, नळाखाली बशांचा ढीग आणि त्या सगळ्यावर राज्य करणारे काका. काकांनी या खोलीत अर्धे आयुष्य घालवले होते. आजवर त्यांनी हजारो बुरश्या वाढवल्या होत्या, आणि सगळ्या उबेत. पेटीवर ताईने ठळक अक्षरांत लिहिले होते, 'थंड ठेवा'. काकांनी ते वाचले. ही सूचना प्रवासापुरती आहे, असे त्यांनी धरले. पोर दमून येईल, तिला सगळे तयार मिळावे, म्हणून त्यांनी डबीतली सगळी माती एक्केचाळीस काचेच्या बशांमध्ये, जेलीसारख्या खाद्यावर, नेटकी पसरली. बशा उबदार कपाटात ठेवल्या आणि दार लावले.

मित्रांनो, शेकडो हिवाळ्यांनी माझे काही वाकडे केले नव्हते. त्या कपाटात मात्र एका दिवसात माझे हातपाय गळाले. थंडीत वाहती राहावी म्हणून पातळ ठेवलेली माझी आवरणे उबेत गळू लागली. थंडीत चोख काम करणारे माझे पाचकरस बिघडले. समोर जन्मभर पुरेल इतके अन्न होते आणि मला घास घेता येत नव्हता. माझ्या जिवावर इतक्या मायेने आजवर कोणी उठले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या बशा आल्या. कपाटात जागा अपुरी पडली, म्हणून काकांनी सगळ्यात वरची एक बशी उचलली आणि फ्रिजमध्ये बाटल्यांच्या मागे सारली. त्या बशीत मी होते. उरलेल्या चाळीस बशांमध्येही मीच होते. पंधरा दिवसांत उगवत नाही ते मेले, हा काकांचा नियम होता. सोळाव्या दिवशी त्यांनी त्या चाळीस बशा वाफेच्या मोठ्या कुकरात उकळून, धुऊन, ओळीने पालथ्या घातल्या.

चार दिवसांनी ताई आली. तिने त्या लखलखीत बशा पाहिल्या आणि एकेक उलटी करून बघितली.

"काका, सगळ्या?"

"अगं, त्यात काहीच नव्हतं. म्हटलं, तुझा त्रास वाचवावा."

"ती वर्षाला नखाच्या कोरेएवढी वाढते हो. पंधरा दिवसांत काय दिसणार तुम्हाला?"

काका उठले, फ्रिजच्या बाटल्या बाजूला केल्या आणि माझी बशी तिच्यासमोर ठेवली. मला त्यांची दया आली नाही. खोटे कशाला बोलू?

तीन महिन्यांनी त्या बशीत राईएवढा काळा ठिपका दिसला. ताई रडली. काकांनी सगळ्यांना बोलावून तो दाखवला. माझे कौतुक झाले, फोटो निघाले, माझ्यावर लेख छापून आला. मी फ्रिजमध्येच होते.

पुढच्या वर्षी ताई पुन्हा माझ्या गावी जाऊन आली. आल्या आल्या ती फ्रिजसमोर उभी राहिली.

"तो दगड नाही राहिला, काका. सगळा उतार सपाट केलाय. आमच्यासारख्या अभ्यासकांसाठीच घर बांधलंय तिथं, गरम पाण्याच्या न्हाणीघरासकट."

"मग आजूबाजूला बघायचं."

"महिनाभर तेच केलं. एकही दगड सोडला नाही. कुठंच नाही सापडली."

"म्हणजे आता..."

"आता एवढीच."

तर मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी विनवणी करायची असते. विनवण्या करणे माझ्या स्वभावात नाही. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असे वाटतही नाही. पण गेल्या आठवड्यात कुणीतरी फोन चार्ज करायला फ्रिजचा प्लग काढला आणि तो परत लावायला विसरले. काकांच्या लक्षात येईपर्यंत माझ्याभोवतीचा गारवा निम्मा उतरला होता. आता काका रोज सकाळी आल्यावर आधी तो प्लग दाबून बघतात, मग चप्पल काढतात. काका पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आहेत. त्यांच्यानंतर तो प्लग रोज कोण बघणार, तेवढे मला सांगा.