डाव्या दिव्यातलं पाणी

मित्रांनो, मी नरडाण्याच्या एका शाळेच्या व्हॅनचा जुना दिवा आहे. पुढचा, डावा. उजवा माझा जुळा भाऊ. एकाच कारखान्यात आम्ही घडलो, एकाच खोक्यातून आलो. म्हणून तर मला उमजेना, की पाणी माझ्याच पोटात का?

आमची मालकीण सारिका. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं ती शाळेत पोहोचवते. बाईने गाडी चालवावी हे पुष्कळांना रुचलं नव्हतं. तिचे सासरे रुपचंदआबा तर व्हॅनकडे बघतही नसत. मग हळूहळू लोक तिचं कौतुक करू लागले, माझ्या लख्ख उजेडाचंही. तेव्हा मी फार ऐटीत होतो.

यंदा पावसाळा सरला आणि माझ्या काचेला आतून दव धरू लागलं. सारिका बाहेरून पुसून पुसून थकायची. बाहेर ऊन आणि माझ्यात धुकं, हे काय त्रांगडं? मी रडतोय की काय, असंही वाटून गेलं. पण रडायला कारण तर काहीच नव्हतं! उजवा मात्र ठणठणीत कोरडा. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटायची.

थंडीत एका सकाळी खरंच दाट धुकं पडलं. गाडीत पोरं होती. डाव्या अंगाला कपाशीच्या काड्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती, आणि मला ती दिसलीच नाही. सारिकाने करकचून ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं.

दुपारी एका मुलीची आई, सुलक्षणा, दारात आली. "ताई, राग मानू नका. दिवा नीट होईपर्यंत मी पोरीला धाडणार नाही. बाकीच्याही तेच म्हणताहेत."

सारिकाने पाना आणला आणि मला खोबणीतून बाहेर काढलं. माझ्या पाठीला एक बारीक नळी आहे. आतली वाफ तिच्यातून बाहेर पडते. त्या नळीत काळी खुंटी घट्ट बसली होती. ठिबक सिंचनाच्या पाइपाला नको तिथे भोक पडलं की शेतकरी ठोकतात, तीच.

"आबा, हे काय?"

आबा कावरेबावरे झाले. "मीच ठोकेल शे. भोक दिखनं. पानी मझार जाई, म्हनीसन."

"पाणी आत जाईल म्हणून? मग उजव्याला का नाही ठोकली?"

"खिसामा एकच व्हती ना, बेटा."

सारिका हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. व्हॅनकडे न बघणारा हा माणूस गुपचूप माझ्या मागे वाकला होता.

खुंटी निघाली. मी उन्हात पडून राहिलो, तेव्हा कुठे कोरडा झालो. पोरं परत येऊ लागली.

मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या. पण एखादं भोक बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, एवढं विचारा. आबांवर रागवावं की माया करावी, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. रोज सकाळी ते नळीत कोळ्याचं जाळं तर नाही ना, हे बघतात आणि समोर येऊन उभे राहतात. मग सारिका मला पेटवते. आबा मला अगदी स्वच्छ दिसतात.