चंडीमायच्या घशातलं कुंकू

मी बंदूक बोलतेय, आणि चिडून बोलतेय. गोड बोलायची मला सवय नाही. पूर्वी घसा मोकळा केला की डोंगर घुमायचे. हल्ली तो घसाच धरलाय, म्हणून ही बडबड ऐकून घ्या.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यातला. नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाचा. पलटणीबरोबर मी सरहद्दीवर हिंडले. माझी रीत अगदी साधी आहे. खालची दांडी ओढली की आतला लोखंडी ठोकळा झुकतो आणि माझा घसा उघडतो. काडतूस ठेवायचं, अंगठ्यानं पुढे सारायचं, दांडी वर करायची. एका वेळी एकच घास. काडतुसाच्या बुडाला कड असते आणि ती बसायला नळीच्या मागच्या टोकाला एक खाच आहे. त्या खाचेत तांदळाची कणी जरी अडकली तरी काडतूस पुरतं आत जात नाही, दांडी वर येत नाही, आणि मग माझ्यापेक्षा तुरीची काडी बरी.

माझं दुखणं ते एवढंच. पलटणीतला हवालदार रोज ती खाच चिंधीनं पुसायचा आणि पुसताना मला मनसोक्त शिव्या द्यायचा. काय सुखाचे दिवस होते!

पुढे पलटणीत नव्या बंदुका आल्या आणि मी सरकारी मालखान्यात जाऊन पडले. पहिलं महायुद्ध संपलं, आणि कामरगावाजवळच्या एका गावचे पोलीस पाटील इंद्रभान यांच्याकडे मला देण्यात आलं. माणूस छातीचा, मनाचा स्वच्छ. पण शहाणपणाच्या बाबतीत आनंदच.

माझं नशीब फुटलं ते पहिल्याच दसऱ्याला. पाटलांनी सगळ्या गावासारखी हत्यारांची पूजा केली, मलाही हळदकुंकू लावलं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी ज्वारीत शिरलेला माजलेला रानडुक्कर माझ्या एका गोळीत आडवा झाला. झालं! गावानं ठरवलं की ही बंदूक नव्हे, ही तर साक्षात चंडी. डुक्कर पाटलांच्या नेमानं मेला हे कुणाच्या डोक्यात येईना, खुद्द पाटलांच्याही नाही.

तेव्हापासून दर दसऱ्याला पाटलीणबाई सोजरबाई माझी दांडी ओढून घसा उघडतात आणि आत कुंकू, अक्षता अन् वर पुरणपोळीचा घास ठेवतात.

"खा व माय," त्या लाडानं म्हणतात. "वर्सभर उपाशी राह्यतं तू."

अहो, मी शिसं खाते, पुरण नाही! ते खायला मुंग्या आल्या. मुंग्या जाव्यात म्हणून सोजरबाईंनी वरून जवसाचं तेल ओतलं. जवसाचं तेल वाळलं की डिंकासारखं चिकट होतं हे वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल. तेल, कुंकू आणि तांदूळ मिळून माझ्या खाचेत लिंपण बसलं.

मग काडतूस अडायला लागलं आणि गावभरचे वैद्य जमले. जगदेव लोहार म्हणाला, "दांडी वाकली असन." त्यानं हातोडा घातला. दांडी सरळ होती, ती आता वाकडी आहे. दुसरा म्हणाला, काडतूस वलं झालं, चुलीपाशी शेकून पाहा. माझी पाचावर धारण बसली! सुदैवानं सोजरबाईंनी त्याला चुलीपासून हाकललं. तिसऱ्यानं नजर लागल्याचं निदान केलं, माझ्या नळीला लिंबूमिरची बांधली, आणि मी बरी झाले असं गावानं ठरवून टाकलं. खाचेत बोट घालून पाहावं असं मात्र एकाही शहाण्याला वाटलं नाही. देवीच्या घशात बोट कसं घालणार?

आणि मग नाल्यात बिबट्या आला.

गावाशेजारी बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथला लखीराम भर दुपारी ओरडत आला, "पाटील, चला! माहं वासरू नेलं बिबट्यानं. घाणेरीत बसून खाऊन राह्यला!"

पाटलांनी मला खुंटीवरून काढलं आणि तसेच धावले. नाल्याकाठी दोघांचं ठरलं. लखीरामनं दगड मारून बिबट्याला बाहेर काढायचं, पाटलांनी गोळी घालायची. लखीरामनं दगड उचलण्याआधी एकदाच विचारलं, "पाटील, भरली ना?"

"भरून राह्यलो. तू हाण."

दगड गेला. पाटलांनी काडतूस सारलं. ते खाचेशी येऊन अडलं. पाटलांनी दांडी ओढली, दाबली, गुडघा लावून पाहिला. झुडपातून पिवळा पट्टा लखीरामवर येताना मला दिसला आणि मी मनातल्या मनात किंचाळत होते: काडतूस काढा, नखानं खाच खरवडा, एवढंच करा! पाटलांनी काय केलं? मला कपाळाला लावलं.

"माय, काहून रुसली व? आज नको रुसू!"

लखीराम खाली पडला होता. त्याचा उजवा हात बिबट्याच्या जबड्यात होता. तेव्हा कुठे पाटील भानावर आले. मला नळीकडून धरून ते थेट अंगावर धावून गेले आणि दस्त्यानं त्यांनी बिबट्याला असं झोडपलं की तो हात सोडून पळाला. त्या धाडसाबद्दल मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन. पण लखीरामचा तो हात काही परत आला नाही. जखम भरली, बोटं मात्र वाळल्यासारखी झाली. त्याला त्या हातानं दावंही धरता येत नाही. त्याची बायको गोमतीबाई त्याला घास भरवते, तेव्हा तो मान दुसरीकडे वळवतो असं मी ओसरीवर ऐकलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला वाटलं, आता तरी कुणी आत डोकावेल. उलट पूजा दुप्पट झाली. देवी कोपली म्हणे! मी कोपलेय हे खरं, पण कशानं ते कोण विचारतो?

आज सकाळी लखीराम स्वतः आला. नारळ घेऊन. ओसरीवर माझ्यासमोर बसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माय, मीच चुकलो. त्या दिवशी तुह्या पाया न पडता हाका मारत आलो. माफ कर मले." मग सोजरबाईंनी माझी दांडी ओढली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावर कुंकू घेऊन त्यानं माझ्या घशात भरलं. डाव्या हाताची त्याला सवय नाही, त्यामुळे खाचेत अगदी दाबून दाबून भरलं. त्याच्यावर मला रागावताही येईना. आयुष्यात इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

नाल्यात काल पुन्हा पावलं उमटली आहेत. उद्या पाटील मला घेऊन जाणार आहेत. ऐकणाऱ्यांनो, तुमच्यात कुणी नास्तिक असेल, आळशी असेल, कसाही असेल, पण हातात एक चिंधी असेल, तर रात्रीतून या. निदान पहाटे तरी या. सकाळी लखीराम निघाला तेव्हा पाटलांनी त्याला सांगितलं, "तू या खेपी झाडावर चढून बस."

लखीराम हसला. किती दिवसांनी हसला तो.

"झाड कायले पाह्यजे, पाटील?" तो म्हणाला. "मी तुमच्या समोर उभा राह्यतो. आता माय राजी हाये."