सॅलरीच्या पोटातले मीठ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. भाईंदरला, जेसल पार्कमध्ये, नीलिमाबाईंच्या घरी राहतो. माझ्या पाठीला चिकटपट्टी लावली आहे आणि शेवटची चार पाने कधीच गळून गेली.

छापखान्यातून आलो तेव्हा मी करकरीत होतो. नीलिमाबाईंच्या शाळेत मुले माझ्यासाठी भांडत. मग मोबाइल आले आणि मी कपाटावर इस्त्रीशेजारी जाऊन पडलो. निवृत्त झाल्यावर बाईंनी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला, तेव्हा कुठे मला खाली उतरवले.

त्या वर्गात कमळाकर येत. वय पन्नाशीचे. तीस वर्षे त्यांनी मिठागरात खाडीचे पाणी अडवले, उन्हात मीठ ओढले. मिठागर बंद पडले. आता शिपायाच्या नोकरीसाठी इंग्रजी अर्ज भरायचा होता. त्यांनी तो स्वतःच्या हाताने भरला, पण अनुभवाचा रकाना कोराच ठेवला.

"इथे काही लिहिले नाही, कमळाकरभाऊ?" बाईंनी विचारले.

"काय लिवू, बाई? मीठच ओढलाय जल्मभर. त्याला कोण इचारतो? उद्यापासून मी येत न्हाय."

बाईंनी अर्जातल्या एका शब्दावर बोट ठेवले. "हा ठाऊक आहे?"

"सॅलरी. म्हंजे पगार. रोज बोलतो की आपण."

"तो आला कुठून, ते वाचा." आणि त्यांनी मला उघडून पुढे सरकवले.

कमळाकर अक्षराला अक्षर जोडत वाचू लागले. पगार, वेतन. त्याखाली बारीक टाइपात शब्दाचे कूळ होते: लॅटिन 'सलारियुम', त्याचे मूळ 'साल', म्हणजे मीठ. पगाराला मिठावरून नाव नेमके का पडले, हे पंडितही ठामपणे सांगू शकत नाहीत. पण दोन हजार वर्षे या शब्दाच्या पोटात मीठ आहे.

त्यांचे बोट त्या ओळीवर थांबले. पुन्हा सुरुवातीपासून वाचले.

"बाई, म्हंजे मोठ्या सायबाच्या पगारातपन मीठच हाय?"

"हो. त्याला ठाऊक नसले, तरी आहे."

कमळाकरांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग पेन उचलून कोऱ्या रकान्यात सावकाश लिहिले: सॉल्ट, थर्टी इयर्स.

ती नोकरी त्यांना मिळाली नाही. महिन्याने दुसरीकडे मिळाली. तिथेही त्यांनी तेच लिहिले होते. नोकरी लागल्यावर ते पत्नीला, अंबिकाबाईंना, घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हते. कमळाकरांनी ती ओळ दाखवली, अर्थ सांगितला. अंबिकाबाईंनी देवाच्या पायाला लावावा तसा हात माझ्या पानावर ठेवला.

मित्रांनो, इतकी पाने माझ्या अंगावर आहेत, पण त्यातल्या कुठल्या ओळीत कुणाचे आयुष्य आहे, हे मलाही कळत नाही. तुम्ही उघडाल, तेव्हाच कळेल. म्हणून अर्थ सापडला की लगेच मला मिटू नका. खालची बारीक ओळही वाचा.