दांड्यामागचं पितळी चाक

धाकटी लेक लग्न होऊन सासरी गेली, त्याच वर्षी तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली. लग्नासाठी शिवलेले कपडे अजून नीट घड्या करून कपाटात गेले नव्हते, आणि घरात हॉस्पिटलच्या कागदांची थप्पी लागली.

बाप काटे दुरुस्त करायचा. दुकानांतले, वखारीतले, पोस्टातले, तान्ह्या मुलांना जोखायचेसुद्धा. लोक त्याला काटेवालाच म्हणत. एका दुकानदाराने एकदा हळूच म्हटलं, "जरा आमच्या बाजूने झुकू द्या की." त्यावर ह्याने तो काटा तसाच उघडा गल्ल्यावर ठेवला आणि समोर आलेला चहा न पिता चालू लागला. चाळीस वर्षांत त्याने कुणाला एक खोटा ग्रॅम दिला नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

बायको शिवणाच्या कारखान्यात कॉलरी लावायची. बोलायला तिखट, पण डॉक्टरीणबाईंसमोर तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, "औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. सध्या एकोणपन्नास आहात. पंचेचाळीसच्या खाली गेलात तर पुढचा डोस मला थांबवावा लागेल. तेव्हा जे घशाखाली उतरेल ते खा."

काटेवाल्याने भंगारात पडलेला एक उभा काटा घासूनपुसून घरी आणला. वर दांडा, दांड्यावर सरकतं वजन, आणि मागच्या टोकाला काटा शून्यावर आणायचं छोटं पितळी चाक. दर रविवारी सकाळी बायको त्यावर उभी राहायची आणि हा वजन सरकवायचा.

बायकोची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिला दोघंही ताईच म्हणत. ताईचा नवरा ह्याच रोगाने गेला होता. तेव्हापासून जिथे जे छापून येईल ते ती वाचायची, कात्रणं ठेवायची. आता ती पिशवी भरून आली. साखर बंद. दूध बंद. भात बंद, पाव बंद. सकाळी हिरवा रस, दुपारी किसलेलं कच्चं गाजर आणि बीट, संध्याकाळी अळंबीच्या कॅप्सूल, कसलेसे कडू थेंब आणि एका मुळाची तपकिरी पूड.

"गाठीला उपाशी मारायचं," ताई म्हणाली.

"आणि तिच्या आधी मीच गेले तर?"

"गप गं. तोंड उघड."

"लहानपणी पण अशीच नाक दाबून एरंडेल पाजायचीस."

"म्हणून तर जगलीस!"

दोघी हसल्या. काटेवाल्यालाही बरं वाटलं. घरात कुणीतरी काहीतरी करत होतं.

दुसऱ्या रविवारी काटा अठ्ठेचाळीसवर आला. बायको खाली उतरली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि दिवसभर तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. अशीच पडून राहिली तर आठवड्यात संपेल, असं काटेवाल्याला वाटलं.

पुढच्या रविवारी ती उठायच्या आधी त्याने पितळी चाक थोडं फिरवलं. दांडा अठ्ठेचाळीसवरच थांबला. बायकोचा चेहरा खुलला. तिने रस घेतला, वर कॉलरी लावणाऱ्या मैत्रिणीच्या नकला करून दाखवल्या. एवढ्या एका वेळेपुरतंच, असं त्याने मनाशी म्हटलं. पण त्याच्या पुढच्या रविवारी चाक आणखी फिरवावं लागलं. मग आणखी.

बायको येईल त्याला सांगू लागली, "ताईचं पथ्य मानवलंय मला. वजन हललेलं नाही." ताईला हुरूप आला. तिने राहिलेलं एक उकडलेलं अंडंही बंद केलं. ते ऐकून काटेवाल्याने कॅलेंडर पाहिलं. डोसाला दहा दिवस उरले होते.

त्या शनिवारी दुपारी बायको मशीनवर स्वतःचं पोलकं आत घेत बसली होती.

"दुसऱ्यांदा घेतेय," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी बोटबोट."

"मग?"

"मग काय! धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल. टेपसुद्धा जुनी झाली. तुमचा काटा थोडाच खोटं बोलणार आहे?"

काटेवाला जागचा उठला. काट्यापाशी गेला आणि तिच्यासमोर त्याने ते चाक उलटं फिरवलं, शून्यावर येईपर्यंत. मग म्हणाला, "ये. उभी राहा."

साडेचव्वेचाळीस.

तिने दांड्यावरचं वजन बोटाने मागेपुढे सरकवून पाहिलं. "किती दिवस चाललंय हे?"

"पाच आठवडे."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"त्या दिवशी तू काहीच खाल्लं नव्हतंस गं. मला वाटलं, धीर खचला तर..."

"म्हणून मला लहान पोरासारखं फसवलंत? त्या दुकानदाराला एक ग्रॅम दिला नाहीत, आणि मला साडेतीन किलो!"

बोलता बोलता तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू. तो तसाच उभा राहिला. तिला हात लावायचा धीर त्याला होईना. शेवटी तीच डोळे पुसून म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? भात टाका. मऊ टाका. वर साय घाला, आणि साखर."

ती चौथा घास घेत होती तेव्हा ताई रसाची बाटली घेऊन दारात आली.

"वेडी झालीस का? साखर?"

बायकोने जेवता जेवता सगळं सांगितलं. ताई बाटली छातीशी धरून खुर्चीत बसली. "म्हणजे मी माझ्या हातांनी तुला..."

"एकटीने नाही. ह्यांची खोटी साक्ष होती ना तुझ्या बाजूने."

"आमच्या ह्यांच्या वेळी मी काहीच केलं नव्हतं गं," ताई म्हणाली. "डॉक्टर सांगतील ते ऐकत नुसती बसून राहिले. ह्या वेळी मला बसायचं नव्हतं."

"मलाही," काटेवाला म्हणाला. ताईने आपल्या हाताने बहिणीला आणखी एक चमचा साखर वाढली.

सोमवारी तिघं सगळ्या बाटल्या घेऊन हॉस्पिटलात गेली. तिथल्या आहाराच्या बाईंनी त्या टेबलावर मांडल्या आणि एकेक वाचली. तपकिरी पूड आजपासून बंद. तिने यकृताला त्रास होऊ शकतो. थेंबांत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलंच नाही, म्हणून तेही बंद. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गाजर, बीट चालेल, पण शिजवून, आणि आधी पोटभर जेवण. "हे घेताय ते पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. ताई खाली मान घालून बसली होती. तिच्याकडे वळून बाईंनी विचारलं, "ह्यांना एका वेळी जास्त जाणार नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं भरवायला माणूस हवं. तुम्ही कराल?"

"करीन," ताई म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती उकडलेला बटाटा आणि लोणी घेऊन सातला हजर होती.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलच्या काट्यावर दोनशे ग्रॅम कमी पडले आणि डोस लांबला. तो आठवडा काटेवाल्याला वर्षाएवढा गेला. पुढच्या सोमवारी वजन पंचेचाळीस किलो सहाशे भरलं. डोस मिळाला. त्यानंतरचे चारही मिळाले.

पुढे ती पावणेचार वर्षं जगली. त्यातली दोन वर्षं कारखान्यात कामालाही गेली. मग गाठ परत आली, आणि ह्या वेळी औषधाने काही होईना. थोरल्या मुलाला दुसरी मुलगी झाली त्या वर्षीच्या थंडीत, एका मंगळवारी दुपारी, काटेवाल्याची बायको वारली. तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती.